ग्रुपची मास्तरीण

पुण्यातल्या एका कॉलेजात टी.वाय.बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेऊन शिकणाऱ्या मुलीचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

तिच्या वर्गाने क्रेडिटसाठी ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचा एनपीटीईएलचा (आयआयटींच्या प्राध्यापकांच्या व्हिडिओ व्याख्यानांचा उपक्रम) बारा आठवड्यांचा कोर्स घेतला आहे. व्हिडिओ इंग्रजीत आहेत आणि कॉलेजात त्या विषयाचा वेगळा तास होत नाही. वर्गातल्या ३८ जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. पहिल्या आठवड्यात हिला जे कळलं ते हिने सहज व्हॉइस नोट करून टाकलं आणि तेव्हापासून ही ग्रुपची मास्तरीण झाली. असाइनमेंट जमा करायच्या रात्री ‘चौथ्याचं काय आलं?’, ‘वहीचा फोटो टाक ना’ सुरू होतं आणि ही टाकत जाते. मध्यंतरी एका असाइनमेंटमध्ये १०⁻⁸ मोलर, म्हणजे अतिशय पातळ, हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच (आम्लता सांगणारा आकडा) विचारला होता. हिने ६.९६ सांगितला, बरोबर उत्तर ६.९८ होतं. सातजणांचा मार्क गेला. त्यातल्या एकाने ग्रुपवरच लिहिलं, ‘येत नसेल तर सांगायचं कशाला?’ हे फार लागलं. आई म्हणते, लष्कराच्या भाकऱ्या भाजणं बंद कर, फेब्रुवारीत जॅम (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) आहे. पण ग्रुपमध्ये नंदुरबारकडचा एक मुलगा आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, इथे कॉट बेसिसवर राहणारा. तो नुसती उत्तरं मागत नाही. ती पीएचची असाइनमेंट जमा करायच्या रात्रीच त्याने विचारलं होतं, ‘पाण्यातून येणारे हायड्रोजन आयन इथे धरायचे, तर ०.१ मोलरच्या गणितात का नाही धरले?’ त्याला उत्तर द्यायला हिला वेळ झाला नाही, आणि ग्रुप सोडला तर त्याचं काय, ही टोचणी आहे.

तिचे प्रश्न: ग्रुप सोडू का? यात माझा काही फायदा आहे का? आणि मलाच अर्धवट येत असताना मी दुसऱ्यांना शिकवावं का?

प्रिय मैत्रिणी,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. शिकवायचं तर आधी सगळं पक्कं यायला हवं, असं तू धरून चालली आहेस. तुझ्या त्या ६.९६ कडेच जरा नीट बघू.

आम्लाची संहती दहाचा उणे आठवा घात, म्हणून पीएच आठ, असं घाईत लिहून मोकळे होणारे पुष्कळ असतात. पीएच सातच्या वर म्हणजे आम्लारी, आणि आम्लात कितीही पाणी ओतलं तरी त्याचं आम्लारी होत नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही. तू तिथे फसली नाहीस. शुद्ध पाण्यात स्वतःचेही हायड्रोजन आयन असतात, दहाचा उणे सातवा घात इतके, हे तुला आठवलं. तू दोन्हींची बेरीज केलीस आणि ६.९६ आलं. राहिलं ते एवढंच, की आम्लाचे आयन आधीपासून हजर असले की पाण्याचं आयनीभवन थोडं मागे रेटलं जातं. त्यामुळे पाण्याचा वाटा पूर्ण दहाचा उणे सातवा घात राहत नाही. वर्गसमीकरण मांडलं की एकूण बेरीज १.१०×१०⁻⁷ च्या ऐवजी १.०५×१०⁻⁷ येते आणि पीएच ६.९८.

आता त्या नंदुरबारच्या मुलाचा प्रश्न परत वाच. ०.१ मोलरला पाण्याचे आयन का नाही धरले? कारण तिथे आम्ल इतकं आहे की पाण्याचा वाटा रेटला जाऊन दहाचा उणे तेरावा घात उरतो, धरला काय आणि न धरला काय. म्हणजे पाण्याचा वाटा परिस्थितीप्रमाणे बदलतो. हे तुमच्यापैकी कुणी त्या रात्री मोठ्याने बोललं असतं, तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता: मग १०⁻⁸ ला तरी तो पूर्ण १०⁻⁷ कसा राहील? तुझी चूक पकडणारा प्रश्न जमा करायच्या मुदतीआधी ग्रुपवर आलेला होता. ज्याला कमी येतं असं तुम्ही सगळे समजता, त्यानेच तो विचारला होता. आणि तू तेव्हा चौथ्याचं उत्तर सांगण्यात गुंतली होतीस.

म्हणून अर्धवट येतं याची मला फार काळजी वाटत नाही. ३८ जणांत तुला ‘थांब, हे असं कसं?’ म्हणणारा एकच होता आणि त्याचं ऐकायला कुणी नव्हतं, याची वाटते.

हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या एरिक मझूर यांना असं आढळलं, की आपले विद्यार्थी अवघड गणितं सोडवतात, पण न्यूटनच्या नियमांवरचे साधे, आकडे नसलेले प्रश्न दिले की गडबडतात. त्या चाचणीच्या वेळी वर्गातून त्यांना विचारणा झाली, उत्तरं तुम्ही शिकवलंय तशी लिहायची की आम्हाला वाटतं तशी? १९९१ पासून त्यांनी शिकवण्याची रीत बदलली. थोडं बोलायचं, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर ही चर्चा सगळ्यात जास्त रंगते, असा त्यांचा अनुभव. सगळ्यांना येत असेल तर बोलायला काही उरत नाही, आणि कुणालाच येत नसेल तर शिक्षकानेच परत समजावलेलं बरं.

पण तुझ्या प्रश्नाला त्याहून नेमकं उत्तर २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात आनुवंशशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांनी असाच एक प्रश्न आधी एकट्याने सोडवला, मग शेजाऱ्यांशी बोलून सोडवला. त्यानंतर त्याच तत्त्वावरचा दुसरा प्रश्न प्रत्येकाने पुन्हा एकट्याने सोडवला. दुसऱ्या प्रश्नात सुधारणा दिसली. संशोधकांचा निष्कर्ष असा, की गटात सुरुवातीला कुणालाच बरोबर उत्तर माहीत नसलं तरी बोलण्यातून समज वाढते. हुशार मुलाचं बघून बाकीच्यांनी उत्तर बदललं, एवढ्यावर ते भागत नाही.

मात्र या दोन्ही ठिकाणी दोन गोष्टी होत्या, ज्या तुमच्याकडे नाहीत. एक म्हणजे, बोलण्याआधी प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवलेलं होतं. तुमच्याकडे ठरवतेस तू एकटी. दुसरी म्हणजे, शेवटी बरोबर काय ते सांगणारा शिक्षक वर्गात होता. तुमच्या ग्रुपवर चुकीचं उत्तर आलं तर ते निकाल लागेपर्यंत तसंच राहतं. या दोन गोष्टींची सोय केली की निम्मं काम झालं. ती कशी करायची ते पुढे सांगते.

त्याआधी आईचं म्हणणं, कारण त्यात तथ्य आहे. मुलांनी मुलांना शिकवणं आपल्याकडे जुनंच आहे. १७९० च्या सुमारास मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घ्यायची पद्धत बसवली. स्थानिक शाळेतली मुलं वाळूत अक्षरं गिरवताना बघून त्याला काही गोष्टी सुचल्या होत्या. पुढे इंग्लंडात ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. गाजण्याचं मोठं कारण होतं स्वस्ताई: एका मास्तरात शेकडो मुलं. त्यात मोठी मुलं पाठ घ्यायची आणि पाठ पुढे द्यायची, बस. तुमच्या कोर्सचंही काहीसं तेच झालंय. कॉलेजने क्रेडिट दिलं, व्हिडिओ फुकट मिळाले, शंका विचारायला वर्गात माणूस मात्र ठेवला नाही. ती जागा रात्री अकरा वाजता एक वीस वर्षांची मुलगी भरते आहे. आई याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणते, मी कॉलेजची उधारी म्हणेन. ती तू फेडायची नाहीस.

यात तुझा फायदा किती? तू काय करतेस त्यावर आहे. आपल्याला येतं ते ओळीने सांगून टाकणं आणि कुणाच्या प्रश्नामुळे अडून परत विचार करणं, या दोहोंत फार अंतर आहे. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यावर रॉस्को आणि ची या दोन संशोधकांनी काम केलं आहे. शिकवणारी मुलं बहुतेक वेळा नुसतं सांगत सुटतात, असं त्यांनी दाखवलं. शिकवणाऱ्याला खरा लाभ होतो तो समजावताना आपल्याच माहितीची पुन्हा जुळणी करावी लागते तेव्हा, आणि बऱ्याचदा ते समोरच्याच्या खोल प्रश्नामुळे घडतं. तुझ्या लांबलचक व्हॉइस नोट्सनी तुला फारसं काही दिलं नसेल. आणि ज्याच्यावर आपण उपकार करतोय असं तुला वाटतं, त्याचे प्रश्नच जॅमसाठी तुझ्या उपयोगी आहेत. टोचणी लावून घेऊ नकोस, त्याला अभ्यासाचा जोडीदार कर.

आता थोडं कडू बोलते. मुदत संपायच्या आत वहीचा फोटो टाकणं ही कॉपी आहे. ‘मदत’ म्हटल्याने तिचं रूप बदलत नाही. यात तुझाही हात आहे आणि मागणाऱ्यांचाही. बरं, त्यांना त्यातून मिळतं काय? एनपीटीईएलच्या निकालात असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५. परीक्षा केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली द्यायची. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० लागतात. बारा आठवड्यांच्या कोर्सला असाइनमेंटमधल्या सर्वांत चांगल्या आठच धरल्या जातात, म्हणजे एखाद्या प्रश्नाचा मार्क गेल्याने कुणाचं नुकसान होतं, तर ते नगण्य. तेव्हा त्या सातजणांची माफी मागत बसू नकोस. बरोबर गणित ग्रुपवर टाक, आपण कुठे थांबलो होतो ते एका ओळीत लिही आणि विषय संपव. ज्याने टोमणा मारला त्याला वेगळं उत्तर द्यायची गरज नाही.

(पत्रात एके ठिकाणी तू हळूच लिहिलं आहेस की बाकीचे तुझ्या पुढे गेले तर? या कोर्सचं प्रमाणपत्र ज्याच्या त्याच्या मार्कांवर मिळतं. त्यांना ७० पडले म्हणून तुझे ८० कमी होत नाहीत.)

ग्रुप सोडायचा का? मी म्हणेन, सोडू नकोस, पण त्यातलं मास्तरीणपण सोड. जाहीर निरोपाचं भाषण नको. ‘आतापासून मी उत्तरं देणार नाही’ असा मेसेज टाकलास की पुढचे चार दिवस त्यावरच बोलणं चालेल. फक्त उत्तराची तऱ्हा बदल. ‘चौथ्याचं काय आलं?’ याला ‘तू कुठपर्यंत आलास? तेवढा फोटो टाक’. मुदतीच्या आत रीत सांगायची तर आकडे बदलून दुसऱ्या गणितावर सांग; मुदत संपली की त्याच गणितावर काय वाटेल ते बोला. दोन आठवड्यांत मागणारे कमी होतील. थोडे रुसतील. रुसू देत.

खरं काम लहान गटात कर. चार-पाचजण पुरे. नंदुरबारवाला त्यात हवाच. एखादी अशी मुलगीही घे, जी ग्रुपवर गप्प असते आणि शंका पर्सनलवर विचारते. प्रत्येक वर्गात अशा दोघी-तिघी असतात. आठवड्यातून एकच तास ठरवा, मुदतीच्या रात्री नको, दोन-तीन दिवस आधी. शक्यतो समोरासमोर बसा. पेठांतल्या अभ्यासिका यासाठी कामाच्या नाहीत, तिथे कुजबुजलं तरी स्पर्धा परीक्षावाले मान वर करून बघतात. कॉलेजची रिकामी वर्गखोली मिळाली तर उत्तम, नाहीतर विद्यापीठाच्या आवारात जयकर ग्रंथालयाबाहेर झाडाखाली बसा. पावसात ऑनलाइन भेटा.

प्रत्येकाने एक प्रश्न आणायचा, असाइनमेंटमधला नको, त्याच तत्त्वावरचा. सगळ्यांनी आधी कागदावर उत्तर आणि एका ओळीत कारण लिहायचं आणि कागद एकदम उलटे करायचे. ऑनलाइन असाल तर एकदम कॅमेऱ्यासमोर धरायचे. व्हॉट्सअ‍ॅपचा पोल घेऊ नका, कारण त्यात कुणी काय निवडलं ते दिसतं आणि सगळे तुझ्या मागोमाग जातात. उत्तरं वेगळी आली की भांडा, आणि त्यात तू शेवटी बोल. हे तुला सगळ्यात जड जाईल. सगळ्यांची उत्तरं सारखी आली तरी एकाला ‘हे चूक असेल तर कुठे असेल?’ असं विचारायचं काम द्या. नाहीतर पाचही जण एकदम ६.९६ वर खूश होतील.

भांडण मराठीत होऊ दे. अकरावीत माध्यम बदललेल्या मुलाला निम्मी शक्ती इंग्रजी वाक्य जुळवण्यात घालवावी लागते आणि विचार तिथेच अडकतो. संज्ञा इंग्रजीतच ठेवा, परीक्षेत त्याच येणार आहेत, पण ‘का’ मराठीत सांगा. एनपीटीईएलच्या काही कोर्सेसच्या व्याख्यानांचं लेखी रूप मराठीतही उपलब्ध आहे. तुमच्या कोर्सचं आहे का ते एकदा बघून घ्या.

निकाल कुणी द्यायचा? जे सुटलं नाही ते एकाने नीट लिहून कोर्सच्याच चर्चापानावर टाकायचं. तिथे प्राध्यापकांचे सहायक उत्तर देतात, पण ‘सर, समजलं नाही’ असं टाकलंत तर तुम्हालाही धड काही मिळणार नाही; आम्ही असा विचार केला, इथे अडलो, असं लिहा. दुसरी जागा तुमचं कॉलेज. एनपीटीईएलचं लोकल चॅप्टर असलेल्या कॉलेजात त्यासाठी एक प्राध्यापक नेमलेले असतात, मुलं त्यांना स्पॉक सर किंवा मॅडम म्हणतात. चौघं-पाचजण मिळून त्यांच्याकडे जा. तक्रार करू नका, मागणी करा: आठवड्याला एक तास खोली आणि महिन्यातून एकदा विषय शिकवणाऱ्या कुणाची हजेरी. पाषाणला एनसीएल ही रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञान संस्था शेजारी-शेजारी आहेत, तिथला एखादा पीएच.डी. करणारा विद्यार्थी तासभर यायला तयार होईलही. हे आमंत्रण सरांनी पाठवलं तर जास्त बरं.

हे सदर वाचणाऱ्या प्राध्यापकांनाही सांगते. वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलीला ‘तू बघ ग्रुपचं’ म्हणून मोकळं होऊ नका. आणि जे विद्यार्थी रात्री पर्यायाचं अक्षर मागतात, त्यांनी पुढच्या वेळी मेसेज टाकण्याआधी आपला निम्मा, चुकलेला प्रयत्न टाकून बघावा. चुकलेल्या प्रयत्नाला उत्तर द्यायला लोक आनंदाने येतात, नुसत्या ‘काय आलं’ला सगळेच वैतागतात.

आईला वेळेचा हिशेब दे. आठवड्यातला एक तास गटाचा, रात्री साडेदहानंतर फोन हॉलमध्ये. जुलैत सुरू झालेल्या कोर्सची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात होऊन जाते, त्यामुळे जॅमच्या आधीचे दोन महिने तुझे मोकळे आहेत. तेव्हा ३८ जणांचा ग्रुप खुशाल म्यूट कर. लहान गटातलं कुणी जॅम देणार असेल तर तोच तास जॅमच्या प्रश्नांसाठी चालू ठेव. तीन-चार आठवड्यांत गट जमलाच नाही, कुणी येईना, आले तरी कागद कोरे, असं झालं तर बंद कर आणि एकटी अभ्यास कर. त्या मुलाला मात्र विचार, आपण दोघंच बसायचं का.